फ्रेंच पुतळ्यांमधले ग्रीक देव: पूजत कोणीच नव्हतं, मग घडवले कशाला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसच्या लुव्र म्युझियममधून भरदिवसा राजघराण्याचे दागिने चोरीला गेले, ती बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस फिरत होती. दागिने राहिले बाजूला, मावशीने भलतंच विचारलं. म्हणाली, चोरी झाली ती जागा 'अपोलो गॅलरी', आता अपोलो तर ग्रीकांचा देव ना गं, मग फ्रान्सच्या राजवाड्यात त्याच्या नावाचा दिवाणखाना कसा? त्यावर मावसभावाने त्याच्या जुन्या ट्रिपचे व्हर्सायचे फोटो टाकले, दाढीवाले हिरवटकाळे बाप्ये आडवे पडलेत, अंगावर कपडा नाही, आणि खाली लिहिलं, "हे पण देवच म्हणे, कोण ते विचारू नका."

मी म्हटलं सांगते नंतर, आणि ते नंतर म्हणजे हा एवढा मोठा लेख झाला. (मुंबईतलं अपोलो बंदर यात धरू नका. ते नाव 'पालवा' शब्दाचं साहेबाच्या तोंडात झालेलं रूप आहे असं सांगतात, त्या देवाचा तिथे काही संबंध नाही.)

आधी देव ओळखायचे कसे

हे सगळ्यात सोपं आहे, कारण आपल्याला सवय आहे. देवळात गेल्यावर आपण मूर्तीचा चेहरा बघून देव ओळखत नाही, हातात काय आहे, पायाशी कोण बसलंय हे बघतो. शंख-चक्र असलं की विष्णू, उंदीर असला की गणपती. तिकडेही तसंच. कपाळावर चंद्रकोर, पाठीला बाणांचा भाता, बाजूला हरिण किंवा कुत्रा म्हणजे डायना, शिकारीची देवी. टोपीला नाहीतर पायांना पंख असले की मर्क्युरी, देवांचा निरोप्या. सिंहाचं कातडं आणि हातात सोटा म्हणजे हर्क्युलिस. द्राक्षं असली की बॅकस, हातात वीणेसारखं वाद्य असलं की अपोलो. आणि त्रिशूळ दिसला की शंकर म्हणायची घाई करू नका, तो नेपच्यून, समुद्राचा देव.

नावांचा एक गोंधळ आहे तो इथेच मिटवू. एकाच देवाचं ग्रीक नाव वेगळं आणि रोमन वेगळं, म्हणजे ग्रीक आर्टेमिस तीच रोमन डायना, ग्रीक हेराक्लीस तोच हर्क्युलिस. फ्रेंच लोक बहुतेक वेळा रोमन नावं त्यांच्या उच्चाराने घेतात. अर्धा माणूस अर्धा प्राणी असलेलेही बरेच दिसतात, बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर, घोड्याच्या धडाचा सेंटॉर. ज्यांच्याकडे नृसिंह आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पण फ्रान्स तर कट्टर कॅथलिक होता ना?

होता, आणि मावशीचा प्रश्न खरा हाच आहे. त्याचं उत्तर मला गणपतीच्या देखाव्यात सापडतं. मंडळाच्या देखाव्यात देवी महिषासुराला मारतेय आणि महिषासुराच्या पोटावर 'भ्रष्टाचार' लिहिलेलं असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गोष्ट पुराणातली, बोलायचंय मात्र आजच्याबद्दल. फ्रेंच राजांनी तेच केलं, फरक एवढाच की आपल्याकडे देखाव्याच्या शेजारी आरतीही होते आणि त्यांच्याकडे आरतीचा भाग केव्हाच संपला होता, उरला फक्त देखावा. रविवारी चर्चमध्ये जायचं आणि बागेत अपोलो उभा करायचा, यात त्यांना काही विसंगती वाटत नव्हती कारण तो अपोलो देव नव्हताच, ती एक बोलायची भाषा होती.

ही भाषा तिकडे रुजवली ती मुख्यतः राजा फ्राँस्वा पहिला याने. त्याला इटलीचं वेड होतं. १५४० मध्ये त्याने प्रिमातिच्चो नावाच्या इटालियन कलाकाराला रोमला पाठवलं आणि तिथल्या प्राचीन संगमरवरी पुतळ्यांचे साचे काढून आणायला लावले. मूळ पुतळे पोपच्या ताब्यात, ते काही मिळणार नव्हते, मग साच्यांवरून फाँतेनब्लोच्या राजवाड्यासाठी ते पुतळे ब्राँझमध्ये ओतून घेतले. म्हणजे रोम उचलून आणता येत नाही तर त्याचा ठसा आणला. त्यातले पुतळे आजही फाँतेनब्लोला बघायला मिळतात.

त्याच काळात चेल्लिनी हा फ्लॉरेन्सचा सोनार-शिल्पकार राजाकडे होता (अत्यंत भांडखोर माणूस, पण हात सोन्याचा). त्याने फाँतेनब्लोच्या दरवाजासाठी ब्राँझची एक मोठी अर्धगोल चौकट केली, त्यात हरणाच्या डोक्याशी रेललेली वनदेवता. ती दरवाजावर कधी लागलीच नाही. पुढच्या राजाच्या, म्हणजे हेन्री दुसऱ्याच्या काळात ती गेली दियान द पुआतिए या त्याच्या लाडक्या बाईच्या वाड्यावर. दियान म्हणजे डायना! बाईंचं नाव डायना, त्यामुळे वाड्यावर हरणं, धनुष्यं, चंद्रकोरी. ती चौकट आज लुव्रमध्ये आहे.

मग आला चौदावा लुई. त्याने स्वतःला सूर्य म्हणवून घेतलं आणि अपोलो सूर्याचा देव, म्हणजे अपोलोचं चित्र लावलं की राजाचं चित्र लावल्यासारखंच. लुव्रमधली अपोलो गॅलरी त्याच्याच काळात, १६६१ च्या आगीनंतर नव्याने बांधलेली. मावशी, हे तुझं उत्तर, पण थांब, अजून गंमत पुढे आहे.

मावसभावाच्या फोटोतले ते आडवे बाप्ये

ते आहेत नद्या. व्हर्सायच्या राजवाड्यासमोर दोन मोठे हौद आहेत, त्यांच्या काठावर फ्रान्सच्या आठ नद्या माणसांच्या रूपात पहुडल्या आहेत. त्यात चार पुरुष आणि चार बायका, आणि ही वाटणी उगाच नाही. समुद्राला जाऊन मिळणारी मोठी नदी म्हणजे पुरुष, तिला येऊन मिळणारी उपनदी म्हणजे बाई. सेन पुरुष तर मार्न बाई, लोआर पुरुष तर लोआरे बाई, ऱ्होन आणि साओन, गारोन आणि दोर्दोन्य. भाषेत सेन, लोआर, गारोन ही नावं स्त्रीलिंगी आहेत तरी पुतळ्याला दाढी! आपल्याकडे ब्रह्मपुत्राला 'नद' म्हणतात ना, तसलाच हिशोब. प्राचीन रोममध्ये टायबर आणि नाईलचे असेच आडवे दाढीवाले पुतळे होते, तीच पद्धत उचलून राजाने स्वतःचा नकाशा स्वतःच्या अंगणात मांडला. सकाळी खिडकीतून बघितलं की अख्खा देश पायाशी लोळतोय.

हे पुतळे ओतले केलर बंधूंनी. हे दोघे मूळचे स्वित्झर्लंडचे आणि खरा धंदा तोफा ओतायचा. तोफ आणि देव एकाच भट्टीतून निघायचे, कारण कसब एकच आणि धातूही जवळपास तोच. एक जाताजाता सांगते, व्हर्सायमध्ये जे सोनेरी चकचकीत दिसतं ते ब्राँझ असेलच असं नाही. पाण्यातून रथ बाहेर काढणारा तो प्रसिद्ध अपोलो शिशाचा आहे, वर सोन्याचा मुलामा.

ब्राँझ म्हणजे नेमकं काय, आणि ओततात कसं

ब्राँझ म्हणजे कांसं, तांबं आणि कथिल एकत्र. पितळ वेगळं, त्यात तांब्याबरोबर जस्त असतं. पायाला तेल लावून घासायची काशाची वाटी आठवते? तिच्यात कथिल बरंच जास्त, म्हणून ती खणखणीत वाजते पण पडली तर तडकते. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये कथिल कमी, दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ते ठिसूळ होत नाही. केलर बंधूंनी तर कथिल अगदीच थोडं ठेवून त्यापेक्षा जस्त जास्त घातलं होतं, त्यामुळे काटेकोरपणे बोलायचं तर व्हर्सायच्या नद्या ब्राँझ आणि पितळ यांच्या मधल्या कुठल्यातरी आहेत. कोणी हुज्जत घालत नाही.

ओतायची जुनी पद्धत मेणाची, आपल्याकडचे ओतारीही शेकडो वर्षं तीच वापरत आलेत. शिल्पकार आधी मातीत पुतळा करतो, त्याचा प्लास्टरचा साचा काढतात, साच्याला आतून मेणाचा थर देतात आणि मधली पोकळी उष्णता सोसणाऱ्या मातीच्या मिश्रणाने भरतात. आता उकडीचा मोदक डोळ्यासमोर आणा, मेण म्हणजे पारी, आतली माती म्हणजे सारण. या मोदकाला बाहेरूनही मातीचं जाड लिंपण करून भट्टीत घालायचं, मेण वितळून वाहून जातं, पारीच्या जागी नुसती फट उरते, आणि त्या फटीत हजार अंशांच्या पुढे तापवलेला धातू ओतायचा. गार झाल्यावर बाहेरची माती फोडली की आत पुतळा. सारणही नंतर जमेल तेवढं खरवडून काढतात. पुतळा असा पोकळच हवा, कारण भरीव केला तर वजन आणि खर्च तर वाढतोच, शिवाय जाड धातू आतबाहेर सारखा गार होत नाही आणि भेगा पडतात. पारी जाड झाली की मोदक बिघडतो, अगदी तसं.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये वाळूच्या साच्याची पद्धत जास्त चालली. पॅरिसजवळच्या फाँतने-ओ-रोझ गावची बारीक चिकट वाळू त्यासाठी नावाजलेली होती. हात, पाय, धड वेगवेगळं ओतायचं आणि जोडायचं. मेणाइतका जीव टांगणीला लागत नाही, म्हणून एकाच पुतळ्याच्या भरपूर प्रती काढायला बरी.

आणि रंग? भट्टीतून निघाल्यावर ब्राँझ सोनेरीच असतं. तपकिरी, काळा, हिरवा हे रंग आम्लं आणि उष्णता देऊन मुद्दाम चढवतात, किंवा पाऊसवारा चढवतो. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तो हिरवा आणि पुतळ्यावरचा हिरवा एकाच घरातले.

दगड होता की, मग धातूच का?

इथे मला जरा रेंगाळायचंय कारण माझ्या मते सगळी मजा इथे आहे. दगड दाब सहन करतो, पण वाकवायला गेलं की खडूसारखा तुटतो. म्हणून दगडी पुतळ्याच्या पायाशी झाडाचं खोड, खडक, काहीतरी निमित्त काढून टेकू दिलेला असतो. धातूला त्याची गरज नाही. आपल्याकडचा चोळ काळातला नटराज एका पायावर नाचतो तो याच जोरावर.

आता उदाँ नावाच्या शिल्पकाराची डायना बघा. तीच डायना, तीच पोझ, धावता धावता एका पायाच्या चवड्यावर आलेली, दुसरा पाय मागे हवेत. संगमरवरातली १७८० ची, ती रशियाच्या महाराणी कॅथरीन दुसरीकडे होती आणि आता लिस्बनच्या गुलबेंकियन म्युझियममध्ये आहे. तिच्या पायाशी बोरूसारख्या गवताचा जाड झुडपा आहे. बघताना वाटतं वा, शिकारीची देवी पाणथळ रानातून धावतेय. खरं कारण असं की तो झुडपा काढला तर बाई पडेल! लुव्रमध्ये १७९० ची ब्राँझची डायना आहे, तिथे गवत गायब. तेवढ्या चवड्यावर सगळं वजन आणि मागे नुसती हवा. मी दोघींचे फोटो शेजारी ठेवून पाहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की दगडाच्या जागी धातू आला की देवीचा स्वभावच बदलतो. संगमरवरातली डायना धावण्याची पोझ देते, आणि ब्राँझची धावते. उदाँ स्वतः ओतकाम शिकला होता, स्वतःच्या देखरेखीखाली भट्टी चालवायचा आणि त्याचा त्याला अभिमानही भरपूर होता. त्या काळी मोठे शिल्पकार माती करून मोकळे व्हायचे आणि पुढचं ओताऱ्यावर सोडायचे, त्यात हा वेगळा.

राजे गेले, मग देव का नाही गेले?

१७९२ मध्ये क्रांतिकारकांनी पॅरिसमधले राजांचे घोड्यावरचे पुतळे पाडले आणि वितळवले. चौदाव्या लुईचा एक प्रचंड पुतळा, केलरनेच एका दमात ओतलेला, तोही गेला. देव मात्र टिकले, कारण भाषा कोणालाही बोलता येते. राजे परत आल्यावर बोझिओ नावाच्या शिल्पकाराने १८२४ मध्ये सापाचं रूप घेतलेल्या शत्रूला चिरडणारा हर्क्युलिस केला, तो लुव्रमध्ये आहे. आणि मग एकोणिसाव्या शतकात देव राजवाड्यातून उतरून मध्यमवर्गीयांच्या घरात शिरले.

हे घडवलं एका यंत्राने. अशिल कोला नावाच्या माणसाने १८३० च्या दशकात पुतळा लहान करणारं यंत्र तयार केलं. डुप्लिकेट चावी करणाऱ्याचं मशीन बघितलंय? एक सुई मूळ चावीवरून फिरते आणि दुसरीकडे पातं तसंच कापत जातं. तेच, फक्त इथे सुई मोठ्या पुतळ्यावर फिरते आणि पातं छोटा पुतळा कापतं. फेर्दिनां बार्बेदिएनने कोलाबरोबर भागीदारी करून १८३८ मध्ये कारखाना काढला आणि म्युझियममधली व्हीनस, म्हणजे प्रेमाची देवी, लोकांच्या शेकोटीवरच्या फळीवर आली. शेकडो कामगार तिथे राबायचे. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्याने, जो १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि मग मळवलीला गेला, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवल्या, त्याच्या अर्धशतक आधीचा हा प्रकार. तिकडे छापाऐवजी धातू आणि पूजेऐवजी शोभा.

याच बाजारात बारी हा शिल्पकार होता, मला सगळ्यात आवडतो तो. पॅरिसच्या प्राणीबागेत जाऊन वाघसिंहांचे अभ्यास करायचा आणि मग तेच स्नायू पुराणकथांत वापरायचा. १८४३ चा त्याचा थिसियस आणि मिनोटॉर हा पुतळा, अर्ध्या मीटरच्या आतबाहेरचा, त्यात मिनोटॉर नायकाच्या अंगाला विळखा घालतोय आणि नायक शांत, अगदी थंडपणे तलवार कुठे खुपसायची ते बघतोय. एवढा हुशार माणूस पण धंद्यात बसला, १८४८ ला दिवाळं निघालं आणि पुतळ्यांचे नमुने सावकाराच्या हातात गेले. नंतर बार्बेदिएननेही त्याच्या प्रती काढल्या.

एका पुतळ्याच्या बारा प्रती, मग ओरिजिनल कोणता?

हा आक्षेप नेहमीचा आणि रास्त आहे. चित्र एकच असतं, ब्राँझचं तसं नाही, ते साच्यातून निघतं. आजच्या फ्रेंच नियमांनुसार एका नमुन्याच्या साधारण १२ प्रती मूळ कलाकृती मानल्या जातात, ८ आकड्यांनी क्रमांक घातलेल्या आणि ४ कलाकाराच्या, ज्यांवर रोमन आकडे. त्यापुढे जे काही निघेल त्यावर 'प्रतिकृती' असं लिहायचं बंधन १९८१ पासून आहे. रोदाँ या प्रसिद्ध फ्रेंच शिल्पकाराने १९१६ मध्ये आपलं सगळं काम सरकारला देऊन टाकलं, साच्यांतून ओतायच्या हक्कासकट, त्यामुळे तो वारल्यावर कित्येक वर्षांनी ओतलेला पुतळाही कायद्याने रोदाँचा मूळ पुतळा ठरू शकतो. मला हे पचायला वेळ लागला, पण विचार केला तर छापील पुस्तकाची पहिली आवृत्ती एकच प्रत असते का?

खरी लबाडी दुसरीकडे आहे. मूळ साचा नसताना तयार ब्राँझवरूनच नवा साचा काढायचा, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. धातू गार होताना किंचित आकसतो, म्हणून अशी प्रत मूळ प्रतीपेक्षा थोडी लहान भरते आणि बोटं, केस, डोळे बोथट होतात. जाणकार लोक टेप घेऊन मोजतात ते त्यासाठी.

आणि 'फ्रेंच ब्राँझ' म्हणून विकलं जाणारं सगळं ब्राँझ नसतं. मला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात डायना दाखवली होती, शंभर वर्षांपूर्वीची, किंमत ऐकून मी हळूच उलटी केली तर बुडाशी खरवडलेल्या जागी आत चांदीसारखं करडं. म्हणजे जस्ताची, वरून ब्राँझचा रंग. ब्राँझ खरवडलं तर आत सोनेरी-तांबूस दिसतं. लोहचुंबक चिकटला तर ते लोखंड, पण जस्ताला तो चिकटत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर विसंबू नका.

आणि हे सगळे नागडे का?

थोडक्यात सांगते. प्राचीन ग्रीकांमध्ये उघडं शरीर हा वीराचा पोशाख होता. फ्रेंच पुतळ्यात कपडे घातलेला म्हणजे बहुतेक खरा माणूस, मंत्री, सेनापती, लेखक, आणि उघडा म्हणजे गोष्टीतला. शिवाय शिल्पकारांना शरीर घडवायचं असायचं आणि देव हे त्याचं सभ्य निमित्त. नुसत्या 'बाई' या नावाने पुतळा प्रदर्शनात ठेवला तर गहजब व्हायचा, खाली 'व्हीनस' लिहिलं की लोक चष्मा सारखा करून बघायचे. ढोंग होतंच थोडं.

विसाव्या शतकातही हर्क्युलिस?

हो, आणि तो सगळ्यात जबरदस्त आहे. बुर्देल हा रोदाँच्या हाताखाली काम केलेला शिल्पकार, त्याने १९०९ मध्ये धनुर्धारी हर्क्युलिस केला, दुष्ट पक्ष्यांवर बाण सोडणारा. एक पाय खडकाला रेटलेला, अख्खं अंग धनुष्याविरुद्ध ताणलेलं, अडीच मीटरच्या आसपास उंच. आणि नीट बघा, धनुष्याला दोरीच नाही! आपण ती मनाने बघतो, कारण ताण खांद्यात आणि पाठीत आहे. पोझ दिली होती एका घोडदळातल्या अधिकाऱ्याने. त्याने अट घातली की माझा चेहरा ओळखू येता कामा नये, म्हणून बुर्देलने चेहरा बदलून जुन्या ग्रीक मूर्तीसारखा कोरडा, टोकदार केला. तो अधिकारी १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, व्हर्दांच्या लढाईत मारला गेला. शरीर त्याचं, ते मात्र तसंच ताणलेलं उभं आहे पॅरिसच्या बुर्देल म्युझियममध्ये.

एवढं टिकाऊ, तरी इतके पुतळे गेले कुठे?

ब्राँझ गंजून जात नाही, पण ते वितळवता येतं आणि तीच त्याची अडचण. पुतळ्याची तोफ होते, तोफेची नाणी होतात. खुद्द ग्रीकांचे बहुतेक ब्राँझ असेच गेले, आपल्याला ते कळतात मुख्यतः रोमनांच्या संगमरवरी नकलांवरून, म्हणजे फ्राँस्वाने ज्या संगमरवरांचे साचे काढले त्यातले काही आधीच कोणत्यातरी हरवलेल्या ब्राँझची नक्कल होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रान्सच्या व्हिशी सरकारने ऑक्टोबर १९४१ मध्ये कायदा काढून सार्वजनिक जागांवरचे धातूचे पुतळे उतरवायला सुरुवात केली. जास्त फटका बसला तो कोट घातलेल्यांना, शास्त्रज्ञ, विचारवंत, संशोधक. काँदोर्सेचा पुतळा गेला, तो थेट १९९१ मध्ये परत ओतला.

पॅरिसच्या नासिओं चौकात दालू या शिल्पकाराचं मोठं ब्राँझ आहे, १८९९ चं. सिंहांच्या रथावर उभी बाई, ती कुठल्याच पुराणातली नाही, ती प्रजासत्ताक, म्हणजे आपली भारतमाता जशी कल्पना आहे तशी, पण रथ आणि सिंह जुन्या देवींकडून उसने घेतलेले. खाली हौदात नंतर ब्राँझच्या मगरी बसवल्या होत्या, प्रजासत्ताकाच्या शत्रूंचं प्रतीक म्हणून. युद्धात त्या वितळवायला नेल्या. बाई आणि सिंह आहेत अजून, मगरी नाहीत.